मुलीच्या नावावरची पिवळी चौकट

कुणी गोड बोललं की आपली पोर अख्खीच्या अख्खी त्याच्या हवाली होते, ही काळजी आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. तिशी उलटली तरी पोर तशीच.

मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीने एका रुग्णालयासाठी केलेल्या नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या बटणावर माउस नेला की छोटी पिवळी चौकट उघडते आणि ते बटण काय करतं ते सांगते. त्या चौकटींतला मजकूर मुलगी लिहायची. सहकाऱ्यांनाही भर घालता यावी म्हणून तिने तो सगळा एका सोप्या पानावर ठेवला होता. कुणीही उघडावं, लिहावं. स्वतःच्या पडद्यावर मात्र तिने चौकटी बंद करून टाकल्या होत्या. पाठ झालेलं सारखं डोळ्यांपुढे नाचलं की तिला काम सुचत नसे.

आई त्याच रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसे. वशिल्याची कुजबुज नको, म्हणून मुलीबद्दल तिने तिथे चकार शब्द काढला नव्हता.

आज नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. दुपारी सभागृहात, मोठ्या पडद्यावर, मुलगीच ते सगळ्यांना शिकवणार होती. "ऑफिसात सगळ्यांनी मलाच पुढे केलं गं आई!" काल सांगताना तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

शेजारच्या खिडकीवरचा कारकून, ज्याला सगळे पोपट म्हणत, एकदम खिदळला.

"काकू, अहो इकडे या! मदतीच्या पानावर कंपनीच्या लोकांची नावं आहेत ना, त्यातल्या तिसऱ्यावर माउस न्या."

आईने नेला. नाव मुलीचं होतं. चौकट उघडली.

'मंद आहे. दोनदा सांगावं लागतं. ओरडलं की रडते, पण रडत रडत काम पुरं करते.'

खाली आणखी कुणीतरी भर घातली होती: 'आधी कौतुक करा. कुठल्याही कामाला हो म्हणते.'

"आपसातली गंमत, काढायची राहिली वाटतं," पोपट म्हणाला. "दुपारी हीच येणारे शिकवायला. मी तर बुवा पहिल्या रांगेत!"

"माझी थकलेली बिलं देऊन बघू का हिला?" रोखपाल बाई मागून म्हणाल्या. "आधी कौतुक करते हं!"

"काकू, हसा की! तुमचं काय जातंय?"

आई हसली. चांगली दात दिसेपर्यंत हसली, आणि समोरच्या म्हाताऱ्याचं वय त्याच्या नावाच्या जागी लिहून बसली.

पाणी प्यायच्या निमित्ताने ती जिन्यात आली. चौकटीतली एक ओळही खोटी नव्हती, हेच तिला सर्वांत जास्त झोंबत होतं. रडत रडत काम पुरं करते. लहानपणी आपणच नाही का तिला तसं बसवलं होतं गणितं सोडवायला?

दुपारी मुलगी चौकटी चालू करणार, सगळ्यांसमोर. पोपट तिला नेमकं त्या नावावर माउस न्यायला सांगणार.

मुलीने अडीअडचणीसाठी दिलेला कंपनीच्या साहेबांचा नंबर आईकडे होता. त्यांना सांगितलं तर ते चौकट गुपचूप पुसतील, मुलीला पत्ताही लागणार नाही. दुपार निभावेल. आणि उद्या पोर त्याच माणसांच्या टेबलावर डबा उघडून बसेल, ते कौतुक करतील, ती हो म्हणेल.

आईने साहेबांचा नंबर मागे टाकला आणि मुलीचा काढला. पोर कोसळेल, कदाचित आजच्या आज नोकरी सोडेल, आईलाच बोल लावेल. तरी तिने हे आईच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

तिने फोन लावला.