हदासाबाईंच्या बत्तीस खुर्च्या

बर्मिंगहॅमहून मुंबईला थेट विमान जायचं, तेव्हा एका फेरीला बत्तीस व्हीलचेअर लागायच्या. त्यातल्या एकतीस खुर्च्यांवरची माणसं ठणठणीत चालायची. हे मी आज लिहून टाकते. कुणाला राग आला तर येऊ दे, माझ्यावर रागावणाऱ्यांची रांग तशीही लांबच आहे.

हे कसं व्हायचं ते सांगते. नॉटिंगहॅमचा एखादा मुलगा आईचं परतीचं तिकीट काढतो. आई पुण्यात रोज पर्वती चढते. पण तिला इंग्रजी येत नाही, पाट्या कळत नाहीत आणि सिक्युरिटीवाला बांगड्या काढायला सांगतो तेव्हा तिला रडू येतं. मुलाला ऑफिस. मग तो वेबसाइटवर व्हीलचेअरच्या चौकोनात टिक मारतो. खुर्ची कुणाला हवी असते? खुर्चीबरोबर ढकलणारं माणूस येतं, ते हवं असतं.

ते माणूस म्हणजे हदासाबाई किहीमकर. वय त्रेसष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, अंगात पिवळं जॅकेट, तेही पुरुषाच्या मापाचं. मी एअरपोर्टची बस चालवते आणि पहाटेच्या पहिल्या फेरीला ती पुढच्या सीटवर बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि म्हणाली, "मराठी ना गो तू? मग जरा हळू चालव."

ती माझगावची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले आपले मराठी ज्यू. १९८६ साली सियोनशी लग्न करून इथे आली. सियोन मोटारीच्या कारखान्यात होता, आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगी डॅनिएला लंडनला असते, मराठी तिला 'आई, बस झालं' एवढंच येतं. म्हणजे घरात मराठी बोलायला भिंती. आठवड्यातून तीन दिवस मात्र बत्तीस माणसं, तीही पळून न जाणारी. विमान मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी ती कामाला हात लावत नाही. "विमान कंपनीला माझा शब्बाथ कळतो," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

लीलावतीबाईंना तिने खुर्चीत घेतलं तेव्हा मी तिथेच होते, सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी सोडायला गेले होते. लीलावतीबाई पुण्याच्या, पंचाहत्तरीच्या, मांडीवर बेसनलाडवांचा डबा.

"तुम्ही कुठल्या?"

"माझगावची."

"आडनाव?"

"किहीमकर."

"हं. देवळात जाता ना?"

"जाते की. आमचं वेगळं असतं. देव एकच, तोही दिसत नाही."

"आमचे पुष्कळ आहेत," लीलावतीबाई म्हणाल्या. "पण दिसत तेही नाहीत. चाळीस वर्षं सोमवार करतेय."

दोघी सिक्युरिटीच्या दारापर्यंत अशा खिदळत गेल्या की पुढे चाललेला एक पायलट दचकून बाजूला झाला.

फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केलं: मार्चअखेर मुंबईची थेट सेवा बंद. विमानं कमी आहेत, लंडनहून ती जास्त भरतात, म्हणून इथलं विमान तिकडे. हदासाबाईच्या सुपरवायझरने तिला बोलावून सांगितलं, तुला या विमानासाठी घेतलं होतं, विमान गेलं की तुझी शिफ्टही गेली.

हे तिने मला बसमध्ये सांगितलं, स्टॉप जवळ आलेला असताना. मी ब्रेक जरा जोरातच मारला. मागून एका गोऱ्याने विचारलं, "एव्हरीथिंग ऑलराइट, लव्ह?"

मी म्हटलं, "नो."

"ओरडू नकोस," हदासाबाई म्हणाली. "पेन्शनला तीन वर्षं आहेत. घरात बसून मी त्या भिंतींशी काय बोलू? म्हणून मी मलिदा बोललेय."

मलिदा म्हणजे एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचा नवस. गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं.

"नवसाने शिफ्ट वाचत नाही," मी म्हटलं. "विमान वाचलं तर वाचेल. आणि ते मोर्च्याने वाचतं."

"तुझ्या मोर्च्याने आजवर काय वाचलं?"

"आमच्या रस्त्यावरचा बसस्टॉप कौन्सिलने हलवला होता. मी परत आणला."

"किती?"

"चाळीस फूट."

मी आरशात बघून बस काढली.

मी कुठल्या कॉलेजात समाजकार्य शिकलेली नाही. जे शिकले ते कौन्सिलच्या खिडकीवर भांडून शिकले. तीन आठवड्यांत चार हजार सह्या जमवल्या. कंपनीला इतकी पत्रं धाडली की शेवटी त्यांचा एक अधिकारी रविवारी संध्याकाळी आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये यायला तयार झाला. सुटातला, सभ्य, हसरा. हसऱ्या माणसांची मला भीती वाटते, ती आधीच ठरवून आलेली असतात.

म्हणून मी डोकं लढवलं. बारा व्हीलचेअर भाड्याने आणल्या आणि पहिल्या रांगेत बारा ज्येष्ठ नागरिक मांडले. लीलावतीबाई मधोमध, त्या पुन्हा नातवाकडे आल्या होत्या. पांघरुणं दिली. "चेहरा जरा आजारी ठेवा," म्हटलं. लीलावतीबाईंनी इतका आजारी ठेवला की त्यांचा नातू मिहीर पाणी घेऊन धावला.

हदासाबाईने रांग पाहिली. "सीमा, हे खोटं आहे."

"हे राजकारण आहे."

"मी तेच म्हणाले."

मग मी भाषण केलं. थेट विमान म्हणजे या लोकांचे पाय आहेत, ते कापू नका! अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. मला वाटलं, मारलं मैदान.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वडे तळणारी तनया ओरडली, "बटाटेवडे निघाले! दुसरा घाणा नाही हं, बेसन संपलं!"

बाराच्या बारा खुर्च्या रिकाम्या झाल्या. एक काका तर पांघरुणासकट धावले. लीलावतीबाई मिहीरला मागे टाकून पहिल्या पोचल्या आणि दोन वडे घेऊन मागच्यांना कोपर दाखवत उभ्या राहिल्या. अधिकाऱ्याने रिकाम्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिरॅकल," तो म्हणाला.

जमिनीने मला पोटात घ्यावं म्हणून मी वाट बघत होते, पण इथली जमीन कौन्सिलची, परवानगीशिवाय काही करत नाही.

तेव्हा हदासाबाई उठली. तिचं इंग्रजी कारखान्यातल्या माणसांकडून शिकलेलं, सरळसोट. ती म्हणाली, "साहेब, यांना चालता येतं. विचारता येत नाही. गेट बदलला तर का बदलला, हे विचारायला यांच्याकडे शब्द नाहीत. इथे बसवलं की मुंबईला उतरतात, मध्ये काही विचारावं लागत नाही, म्हणून ही माणसं एकटी प्रवास करतात. मध्ये एक परका देश घातलात तर निम्म्या जणी घरीच बसतील. मी अकरा वर्षं हे काम करतेय, मला पाय बघून नाही, चेहरा बघून कळतं."

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने दोन वडे खाल्ले, एक बायकोसाठी कागदात बांधून घेतला आणि दहा दिवसांनी पत्र पाठवलं. खेद वाटतो, वगैरे. विमान बंद.

मार्चच्या शेवटच्या रविवारी हदासाबाईने शेवटची खुर्ची गेटवर सोडली आणि माझ्याच बसने घरी गेली. पिवळं जॅकेट घडी करून मांडीवर. मी बस नेहमीपेक्षा हळू चालवली. सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी मी, आणि बाईची नोकरी मी बटाटेवड्यांत घालवली होती. त्यानंतर पहाटेच्या फेरीला पुढची सीट रिकामी दिसली की मी रेडिओ लावायचे. पंधरा दिवस मी तिला फोन केला नाही.

मग एप्रिलात तिचाच आला.

"सीमा, तुमच्या लोकांनी कमाल केली."

झालं होतं असं की म्हाताऱ्या घरी बसल्या नाहीत. सगळ्यांनी आखातात विमान बदलायची तिकिटं काढली. आणि मध्ये विमान बदलायचं म्हटल्यावर, आजवर ताठ मानेने चालत जाणारे पंचावन्न वर्षांचे काकासुद्धा घाबरले. सगळ्यांनी चौकोनात टिक मारली. एका विमानाला बत्तीस, म्हणजे आठवड्याला शहाण्णव खुर्च्या होत्या, आता आठवड्याच्या सात दिवसांत मिळून दोनशेच्या घरात गेल्या. सुपरवायझरच्या नाकी नऊ आले. खुर्चीतून कोण काय ओरडतंय ते त्याच्या पोरांना कळेना. त्याने हदासाबाईला बोलावलं, रोज येशील का?

"शनिवार सोडून."

"शनिवारीच सगळ्यात जास्त गर्दी असते."

"मग शनिवारसाठी दुसरी मराठी बाई शोध. बाकीचे दिवसही तिलाच दे."

त्याने आठवडाभर शोधली. मग शनिवार सोडून, असं कागदावर लिहून दिलं.

"आणि मुंबईपर्यंतची काळजी?" मी विचारलं. "तू सभेत म्हणालीस, निम्म्या घरी बसतील."

"चुकले. तुमच्या बायका घरी बसत नाहीत. पण मध्ये खुर्ची ढकलणारा हात बदलतो, ते खरंच आहे."

त्यावर तिने तोड काढलीय. आता प्रत्येक बाईच्या पदराला ती एक कार्ड टाचते, पलीकडच्या विमानतळावर जो कोण खुर्ची घेईल त्याच्यासाठी, ठळक इंग्रजीत. लीलावतीबाईंचं मी वाचलं. त्याचा अर्थ असा: 'यांना चालता येतं, पण हे त्यांना सांगू नका. इंग्रजी येत नाही. भूक नाही म्हणतील, असते. डबा हिसकावू नका.'

मे महिन्यात तिने मलिदा केला. डॅनिएला आणि लंडनची बेने इस्रायल मंडळी आली, प्रार्थना झाली. मी दाराशीच घुटमळत होते. माझ्या चार हजार सह्यांचं श्रेय एलियाहू हनाबी परस्पर घेऊन गेले होते, आणि तक्रार कुठल्या खिडकीवर करायची ते मला माहीत नव्हतं.

हदासाबाईने वाटी माझ्या हातात कोंबली. "खा गो. यात तुझ्या मोर्च्याचाही वाटा आहे."

"किती?"

"चाळीस फूट."

पोहे गोड होते, खोबरं ओलं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.