कूलरचं तोंड

चिमूरला आमच्या शेजारी राहणारे भाऊ घरात सूत्रकृमी वाढवतात. डोळ्यांना न दिसणारे हे जंत सोयाबीनची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीच्या अंगात शिरतात आणि तिला आतून संपवतात. सूत्रकृमींचं पाकीट नेलेला शेतकरी बाजारात भेटला, की भाऊ पिकाचं विचारत नाहीत. लेक सासरी दिल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "त्यायले हुमणी भेटली ना? उपाशी तं नाई राह्यले?" लोक हसतात. भाऊ जेवले का, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

मे महिन्यात भर दुपारी मी पन्हं घेऊन गेले. घरातला एकुलता कूलर सूत्रकृमींच्या ट्रेकडे तोंड करून घरघरत होता. भाऊ कोपऱ्यात घामानं निथळत, पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते.

"भाऊ, अशानं तुमाले ऊन लागन ना!"

"मले काई होत नाई, बाई. आन् झालंच, तं कोनाचं पीक बुडते?"

ते पन्हं पिऊ लागले, तेवढ्यात मी कूलर जरासा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी पाहिलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला. मी अंगणात येऊन चपला घालत होते, तोच आत फरशीवर कूलर परत सरकल्याचा आवाज आला.