काळी चार

मी चितेगावच्या एका औषधांच्या कंपनीत गोळ्या तपासते. गोळी ठरल्या वेळेत विरघळली तर पास, नाहीतर फेल. दोन शब्दांत माझी नोकरी आटोपते. आमचे हे एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतात, पण त्यांचा खरा उद्योग घरी असतो. गाणी रेकॉर्ड करायचं एक सॉफ्टवेअर त्यांनी हौसेनं घेतलं आणि त्याच्यासोबत आलेली वाद्यं तपासत बसले. तिथं पास-फेल नसतं, तिथं ‘फील’ असतो. “फील नाही गं,” असं म्हणत त्यांनी निम्म्या जगाची वाद्यं नापास केली होती आणि गाणं मात्र एकही केलं नव्हतं.

ही वाद्यं म्हणजे काय, ते त्यांनी मला लग्नानंतर बऱ्याच वेळा समजावलं आहे, मी विचारलेलं नसतानाही. खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करायचा, त्याला म्हणायचं सॅम्पल. ते सॅम्पल कीबोर्डच्या एकेका पट्टीखाली ठेवायचं. पट्टी दाबली की ते वाजतं. सॅम्पल आमच्याही लॅबमध्ये असतं, पण ते आम्ही त्याच पाळीत तपासून मोकळे होतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी भारतासाठी मोठ्या मनानं एक वेगळा फोल्डर दिला होता. त्यातली सतार ऐकली की एखाद्या हॉटेलात मॅनेजरची वाट बघत बसल्यासारखं वाटायचं. तबला हातमोजे घालून वाजवलेला. सनई लागली की शेजारचे लोक रिक्षा आली म्हणून दारात यायचे. पेटी नव्हतीच. तिच्या जागी अकॉर्डियन होतं, वेळ मारून न्यायला.

घर आमचं बायपासच्या पलीकडं, नव्या कॉलनीत. पाऊस लागोपाठ दोन वर्षं आमच्या जिल्ह्याकडं नुसता बघून गेला, आणि त्याच काळात शहराला मात्र चारी बाजूंनी पालवी फुटली. जिकडं पाहावं तिकडं कमानी आणि प्लॉटच्या पाट्या. आमच्या कॉलनीच्या जाहिरातीत बाग होती, कारंजं होतं. प्रत्यक्षात टँकर होता. धरणाचं पाणी शहराकडं आणणारी मोठी पाइपलाइन मला पैठण रोडनं कंपनीत जाताना रोज दिसायची. तेवढंच आमचं पाणीदर्शन.

अशा घरी माझे वडील, अण्णा, राहायला आले. ते वैजापूरकडचे. मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली, आई आधीच गेली होती, आणि रस्त्याला लागून असलेली जमीन त्यांनी प्लॉटवाल्याला देऊन टाकली. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं त्यांचं जुनं मत होतं. आमच्याकडं ते पाळणं अगदी सोपं होतं.

अण्णा गावच्या भजनात पुढे उभं राहून गायचे. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी, म्हणजे काळी चार, ही त्यांची पट्टी. चांगल्या चांगल्या माणसांचा श्वास तिथं तुटतो. अण्णा तिथून सुरुवात करायचे आणि तसं सगळ्यांना सांगायचेही. एका अभंगाला त्यांनी स्वतः चाल लावली होती. शब्द सगळ्यांचे, चाल एकट्या अण्णांची. भजनी मंडळ पांगलं, कुणी पुण्याला गेलं, कुणी वाळूजला, आणि ती चाल फक्त अण्णांच्या गळ्यात उरली.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर सरळ म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीखही दिली.

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, “अहो, त्याआधी अण्णांची चाल रेकॉर्ड करून द्या. एवढं एकच काम करा.” ह्यांचा चेहरा उजळला. “नक्की! आधी तंबोरा कोणता घ्यायचा ते बघतो.” मला तेव्हाच धडकी भरली.

तंबोरे बघण्यात पहिला आठवडा गेला. मला वाटलं, अण्णा एक दिवस वैतागतील आणि जावयाला गप्प करतील. झालं उलटंच. अण्णांनी कानाला हेडफोन लावला तो काढेचनात. बसलेल्या आवाजात त्यांचे निकाल सुरू झाले. प्रत्येक वाद्याबरोबर अण्णांनी सा लावून बघायचा म्हणून ह्यांनी माइक सतत चालू ठेवलेला. त्यामुळं निकालही रेकॉर्ड होत गेले.

“नाय. दुसरं लाव.”

“ही बया रडती लई, पन डोळ्यात पानी नाय.” हे व्हायोलिनबद्दल.

“ह्यो तबला काऊन असा भेतोय?”

आणि शेवटी जावयाकडं बघून, त्यांच्याच सुरात, “फील नाय, जावईबापू.” त्यावर दोघंही टाळी देऊन हसले. मधूनच “चहा लई पातळ हाय” असाही एक निकाल लागायचा. तो माझ्यासाठी असायचा.

एकदा दोघांचं एका तंबोऱ्यावर एकमत झालं. अण्णांनी घसा साफ केला, तेवढ्यात खाली टँकर आला. मोटर सुरू झाली आणि ड्रायव्हर ओरडला, “भाभी, पाइप पकडो, टाइम नहीं मेरे कने!” मी पाइप धरून परत आले तर ह्यांचं तंबोऱ्यावरून मन उडालं होतं, आणि अण्णाही मान हलवत होते.

मी चिडले. “तारीख जवळ आली आहे, कळतंय का दोघांना? तुमच्या जागी मी असते तर पहिल्या दिवशीच मोकळी झाले असते.”

“थांब न बाई,” अण्णा म्हणाले, “घाई कशाची हाय?”

कशाची घाई आहे ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. वाद्य ठरत नव्हतं तोवर गाणं नव्हतं, आणि गाणं होत नव्हतं तोवर ऑपरेशनही लांबच होतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि माझा राग अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्या जागेत भीती भरली. अण्णा मला यापुढं कधी हाक मारणार नाहीत, ही भीती.

अखेर एका सकाळी सगळं जुळलं. टँकर येऊन गेला होता. ह्यांनी तंबोरा लावला. अण्णांनी सा लावायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“जावईबापू, काळी सोडली व्हय तुमी?”

हे गडबडले. “मामा, अर्धाच सूर खाली घेतलाय. पांढरी पाच. तुमच्या गळ्याला सोपं जाईल.”

ह्यांनी हे प्रेमानंच केलं होतं. गेले कितीतरी दिवस अण्णांचा आवाज काळी चारला पोचत नव्हता, ते मला ऐकू आलं नव्हतं, ह्यांना आलं होतं. पण आमच्याकडं पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि माणसांच्या वस्तीला पांढरी. अण्णांनी कीबोर्डवरच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

“काळीची पांढरी म्या एकडाव केली,” ते म्हणाले. “आता नाय करनार.”

ह्यांनी तंबोरा परत वर घेतला. अण्णांनी काळी चारवर आवाज फेकला आणि तो तिथं पोचायच्या आधीच फाटला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढून नीट घडी घातल्यासारखा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “चहा टाक.” मी ओट्याशी जाऊन भांड्यांचा आवाज करत रडले.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर जाळी. मी पाटी आणून दिली, तर त्यांनी ती एकदा वापरली, खडू मोडला आणि पाटी खिडकीत उन्हाला ठेवून दिली. काही हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवायचे. एवढी बडबडी दोन माणसं होती, पण घरात आता फक्त तो चमचा ऐकू यायचा.

आणि आमचे हे? हे पुन्हा सॉफ्टवेअर उघडून बसले होते! रोज, कानाला हेडफोन लावून. माझा तोल गेला. “आता कसली वाद्यं तपासताय? ज्यांच्यासाठी तपासायची होती त्यांचा आवाज गेला!”

“हे एक वाद्य तू तपास,” ते म्हणाले. “तुझं कामच आहे ते.” त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मी रागानंच एक पट्टी दाबली.

“नाय. दुसरं लाव.”

अण्णांचा आवाज. मी हात मागं घेतला, मग पुढची पट्टी दाबली. “व्हय.” त्यापुढची. “चहा लई पातळ हाय.” एकेका पट्टीखाली अण्णांचा एकेक निकाल होता, टँकरचा घरघराट पुसून नीट कापलेला. कौतुकाचा एकही शब्द त्यात नव्हता. माणूसच तसा होता, त्याला सॅम्पल काय करणार?

ह्यांनी कीबोर्ड अण्णांपुढं ठेवला. त्यांनी एका बोटानं पट्ट्या चाचपल्या, दचकले, परत दाबल्या. मग जावयाकडं बघून एक पट्टी निवडली. “फील नाय, जावईबापू.” त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते, आवाज नव्हता. हे मान खाली घालून वायरी आवरत बसले.

मग अण्णांनी माझी बाही ओढली आणि माइककडं बोट केलं. मला कळेना. त्यांनी परत ओढली. ह्यांनी तंबोरा लावला. अण्णांनी पडद्यावर डोळे बारीक करून पट्टी तपासली. काळी चार.

लहानपणापासून ऐकलेली चाल, तरी मी ती मोठ्यानं कधी म्हटली नव्हती, मला कुणी विचारलंच नव्हतं. पण काळी चार बाईच्या गळ्याला जड नाही. मी पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसऱ्या ओळीतल्या वळणावर घसरले.

“नाय,” पट्टी बोलली. “दुसरं लाव.”

“दुसरं कुठून आणू, अण्णा?” मी म्हटलं. “आता ही चाल येणारी एवढी एकच आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण बोट पट्ट्यांवर शोधत होतं. हवी ती पट्टी त्यांना लवकर सापडेना, ह्यांनी मदतीला हात पुढं केला तर तो त्यांनी झटकला. मग सापडली.

“आनखी एकदा.”

मी पुन्हा सा लावला.