नाथाजी वस्तादांची सुतळी

मेढ्याकडच्या नाथाजी वस्तादांची उभी हयात तालमीत गेली. माणसाची तब्येत दंडात असते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. बांधावरून भावकीत डोकी फुटली आणि बावन्नाव्या वर्षी ते साताऱ्याच्या तुरुंगात आले. तिथे रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. आठ दिवस वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडून होते. दंडाचं पार चिपाड झालं होतं.

समुपदेशक संयोगिताताईंनी समजावलं, "रोज जेवणानंतर एक गोळी, चुकवायची नाही. गोळीवर माणूस म्हातारा होईस्तोवर जगतो." वस्तादांनी गोळी घेतली, सकाळी जोर-बैठका धरल्या, आणि दर महिन्याला सुतळीने दंड मोजून गाठ मारू लागले. त्यांचं बघून बराकीतला इलियासही घाम गाळू लागला. हा कुपवाडचा चाळिशीतला वेल्डर, त्यालाही तीच लागण. वस्ताद करतील ते आपण करायचं, एवढंच त्याला कळे.

सातव्या महिन्यात दंड उमेदीतल्या मापाला भिडला. झालं, पैलवान खूश! अंग भरलं म्हणजे रोग गेला. मग शिपायासमोर गोळी जिभेखाली धरायची आणि नंतर मोरीत थुंकायची, हा नवा डाव सुरू झाला. सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही.

दोन महिन्यांनी इलियास तापाने फणफणला. खोकून खोकून बेजार. त्याला सरकारी दवाखान्यात हलवायच्या वेळी वस्तादांनी विचारलं, "गोळी घेत हुतास न्हवं?"

"न्हाई. तुमास्नी थुकताना बघितलं, वस्ताद. म्हणलं, तुमास्नी ठावं असंल."

शेकडो पोरं हाताखाली घडवली, कुणाचं बोट मोडू दिलं नाही, आणि हा भला माणूस आपल्या अडाणीपणापायी मरणाच्या दारात! वस्तादांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी संयोगिताताईंना सगळं सांगून टाकलं. ताई रागावल्या नाहीत. रक्त पुन्हा तपासून घेतलं; विषाणू वाढला होता.

"दंड जेवणानं भरला, वस्ताद. रोग गोळीनं दबला होता. आजपासून परत सुरू करा."

वस्तादांनी सुतळी फेकून दिली आणि एक गोळी चुकवली नाही. पण जीव इलियासपाशी होता. तो वाचेल का, हे ते भेटेल त्या शिपायाला विचारत.

महिन्याभराने इलियास परतला. वाळलेला, पण आपल्या पायांनी. जेवणं झाली. एरवी रोगाच्या लाजेने चारचौघांपासून लपून गोळी घेणारे वस्ताद आज बराकीच्या मधोमध उभे राहिले, सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

"बगा रं, गिळली!"

इलियास जागचा हलला नाही.

"आवं वस्ताद, तोंड उघडा."

उघडलं.

"जीभ वर करा."

गुरूची विद्या गुरूला! सगळी बराक हसली. वस्तादांनी मुकाट जीभ वर केली, मग तांब्या इलियासच्या हातात दिला.

"आता तुजी बारी."