सोफ्यावरून पाहिलेली मिरवणूक

पुण्याहून पहाटे साडेपाचच्या एसटीत चढलो तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात हँगर. हँगरला मोतिया रंगाचा, कडक इस्त्रीचा झब्बा. पिशवीत घातला असता तर चुरगळला असता, आणि चुरगळलेल्या झब्ब्यानं पहिल्या रांगेत बसायचं म्हणजे काय! मी तो खिडकीच्या गजाला अडकवला. शिरूर येईपर्यंत तो शेजारच्या बाईंच्या तोंडावर फडफडत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "दादा, ह्याचं तिकीट काढलंय का?"

मी हसलो आणि झब्बा मांडीवर घेतला. पहिल्या रांगेची किंमत मोजायला तिथूनच सुरुवात झाली म्हणायची.

मी निघालो होतो माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या गावच्या यात्रेला. हे गाव शेवगावच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथं पुन्हा तोंड दाखवायचं आहे. चैत्रात तिथं यात्रेची मोठी मिरवणूक निघते. देवाची पालखी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे केलेले देखावे, सोंगं, हलगी, ढोल. आजवर या मिरवणुकीत बायका फक्त ओवाळायला दारात उभ्या राहायच्या. यंदा पहिल्यांदाच त्यांचं लेझीम पथक उतरणार होतं, आणि ते आक्कानं उभं केलं होतं. आक्का तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं बाई होती. पथकातल्या चाळीस जणींपैकी निम्म्या तिच्याच हाताखाली बाराखडी शिकलेल्या.

"स्टेजसमोर पाच मिनिटं मिळालीत मला," आक्का फोनवर म्हणाली होती. "दोन वर्षं कमिटीच्या मागं लागले तेव्हा कुठं मिळाली. शेवटी आम्ही कमळ करणार आहोत. चाळीस जणींचं. आतल्या खाली बसतात, बाहेरच्या मागं झुकतात, आणि कमळ उमलतं. पण खालनं नुसता गोल दिसतो बघ. कमळ वरूनच दिसतं. तू शाळेच्या गच्चीवर बस. पोरींच्या सासवांनाही मी तिथंच बसवणार आहे."

आता सांगतो, यात आक्काची काही चूक नव्हती. मीच मनात म्हटलं, मी, बँकेतला अधिकारी, छप्पन्न वर्षांचा, चाळीस सासवांबरोबर गच्चीवर उन्हात बसू? आक्काला न सांगता मी सरळ यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला. त्यांना सगळे आबा म्हणतात. तेही आक्काचेच विद्यार्थी. बाईंचा भाऊ म्हटल्यावर आबा विरघळले. "सर, तुमी आमचे पाव्हणे. स्टेजवर पहिली रांग, सोफा. नावापुढं काय लिहू?"

इथं माणसानं 'काही नको' म्हणावं. मी म्हणालो, "लिहितो थोडंफार." आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात माझे दोन लेख आले आहेत. त्यातला एक पाणी जपून वापरण्याबद्दल होता.

नगरला साडेआठला उतरलो. स्टँडवर चहा आणि भत्ता (चुरमुरे, शेव, तळलेले शेंगदाणे आणि वर कच्चा कांदा) खाल्ला आणि शेवगावची गाडी पकडली. भिंगार मागं पडलं, डोंगरावरचा चांदबिबीचा महाल बराच वेळ डाव्या-उजव्या खिडकीतून येत-जात राहिला. करंजीचा घाट उतरल्यावर झाडं विरळ झाली आणि वारा कोरडा झाला. कापसाच्या पळाट्या उपटून शेतं मोकळी पडली होती. मधेच एखादा हिरवा उसाचा तुकडा दिसला की तिथं पाणी आहे एवढं कळायचं. शेवगावला काळी-पिवळी (प्रवाशांची जीप) मिळाली. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. झब्बा पंधरावा.

आक्काच्या घरी जेवायला शेंगोळी होती (हुलग्याच्या पिठाचे वळे करून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात). बरोबर बाजरीची भाकरी. मी रश्शाला घाबरत घाबरत जेवत होतो, डाग पडला तर काय घ्या. आक्का मात्र जेवलीच नाही. साठीची बाई, हिरवं नऊवारी नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून, घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होती.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"माझं सोड रे. पथकातल्या शकूचं बघ. तिची सासू म्हणाली, बघतेच स्टेजसमोर कशी नाचतीस ते. तरी पोरगी धार काढून रोज तालमीला आली. आज सासू गच्चीवर येऊन बसणार आहे. तिनं एकदा ते कमळ बघितलं ना अरु, की पुढच्या वर्षी मला कुणाच्या घरी विनवणी करायला जावं लागणार नाही." मग ती थांबली. "तू वर बस हं. आपलं माणूस वर आहे म्हटलं की मला धीर येईल."

आबांनी टपालानं पाठवलेला व्हीआयपी पास मी खिशातून काढून दाखवला. आक्कानं तो उलटून पालटून पाहिला. "गच्चीवरून जास्त चांगलं दिसतं," एवढंच म्हणाली.

चार वाजता मी सोफ्यावर होतो. वर्णन करायलाच हवं. शाळेच्या मैदानाला लागून मुख्य रस्त्यावर पुरुषभर उंचीचं स्टेज, त्यावर मखमली खोळीचे सोफे. पुढं टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, काजूची बशी आणि झेंडूचा भलामोठा गुच्छ. सोफा इतका खोल की बसल्याबरोबर माझे गुडघे छातीला आले आणि गुच्छ डोळ्यांसमोर. मिरवणूक त्याच्या पलीकडून चालली होती. मला ट्रॉलीवरच्या राजाचा तेवढा जिरेटोप दिसला आणि एका राक्षसाची शिंगं. मागं लावलेला कूलर वारा कमी आणि पाणी जास्त फेकत होता. दहा मिनिटांत झब्बा पाठीला चिकटला. मोतिया रंग भिजला की आतलं बनियन स्वच्छ दिसतं, हे तेव्हा कळलं.

शेजारच्या सोफ्यावर शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक तात्या होते. त्यांचा या कामात मोठा अनुभव होता.

"पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग ऐका. नाव पुकारलं की लगेच उठायचं न्हाई, दुसऱ्यांदा पुकारू द्यायचं. नारळ डाव्या हातात. अन् फोटो निघंस्तवर शाल खांद्यावरनं घसरू द्यायची न्हाई."

"म्हणजे माझाही सत्कार आहे?"

"आवो, पहिल्या रांगेत बसला अन् सत्कार झाला न्हाई, असं आमच्याकडं हुतच न्हाई. एक जरी राहिला तरी वर्षभर रुसवा. मागल्या साली एका साडूचा राहिला, तर त्यानं पोराचं लग्न मोडायला घेतलं हुतं."

मी नको नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. छप्पन्न वर्षांत कुणी मला शाल घातली नव्हती.

सत्कार सुरू झाले. एकेकाचं नाव, फेटा, शाल, नारळ, फोटो. तोवर खाली मिरवणूक थांबायची, सत्कार झाला की हलायची. माझं नाव आलं तेव्हा आबांनी माईकवर आवाज चढवला, "पुण्याहून खास आपल्या यात्रेसाठी आलेले ज्येष्ठ साहित्यिक!" मी नकळत मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. तात्यांनी कोपरानं ढोसलं. मी दुसऱ्या पुकाऱ्याला उठलो. खांद्यावर शाल पडली, दोघे मला फेटा बांधू लागले, आणि तो अर्धा बांधून झाला असतानाच आबांनी माईक माझ्या हातात दिला. "सर, दोन शब्द."

उभा राहिल्यावर पहिल्यांदाच मला खालचं नीट दिसलं. स्टेजच्या अगदी समोर चाळीस बायका ओळीत उभ्या होत्या. हिरवी लुगडी, भगवे फेटे, हातात लेझीम. हलगीवाले थांबलेले. सगळ्यांच्या पुढं आक्का, शिट्टी ओठात धरून. आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं! एवढे श्रोते मला कुठं मिळणार होते?

मी नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात केली. तिथून अहिल्यादेवींवर आलो. मग संस्कृती, मग मातीचा गंध. आक्कानं हात वर करून पाची बोटं दाखवली. मला वाटलं, शाबासकी देतेय. मी आणखी रंगलो. समोरच्या बायकांकडं हात करून मी म्हणालो, "आजची स्त्री आता कुणासाठी थांबलेली नाही!" टाळ्या पडल्या. त्या बिचाऱ्या भर उन्हात थांबूनच टाळ्या वाजवत होत्या, लेझीम काखेत धरून.

तात्यांनी नंतर सांगितलं, अकरा मिनिटं बोललो.

मी बसलो. आक्कानं शिट्टी फुंकली आणि लेझमीचा पहिला झणत्कार झाला. तेवढ्यात आबांनी घड्याळ पाहिलं आणि दुसरा माईक ओढला. दिवेलागणीच्या आत पालखी देवळात पोचलीच पाहिजे, हा तिथला नेम. तो कुणी मोडत नाही. "चला, बाई, चला! लेझीम पुढं घ्या! पालखी खोळंबली!"

आक्कानं वर पाहिलं. माझ्याकडं नाही, गच्चीकडं. मग तिनं दोन छोट्या शिट्ट्या दिल्या, आणि चाळीस जणी दोन-दोनच्या रांगेत, साध्या चालीनं, स्टेजसमोरून निघून गेल्या. गोल झाला नाही. कमळ झालं नाही. मागून पालखी आली. सगळे उठून उभे राहिले, मीही राहिलो, आणि हात जोडताना माझ्या लक्षात आलं की त्यांची पाच मिनिटं माझ्या तोंडातून गेली.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

पाव्हण्यांसाठी मागच्या मंडपात जिलेबी आणि मसालेभात होता. तात्या म्हणाले, "चला, गरम हाय तवर." मी फेट्यासकट स्टेजवरून उतरलो आणि गर्दीतून उलट्या-सुलट्या धक्क्यांनी पुढं पळालो. फेट्याचा शेमला एका सोंगाच्या त्रिशूळात अडकला. ते सोडवताना ते शंकराचं सोंग म्हणालं, "सर, भाषान भारी."

बायका मारुतीच्या पारावर बसल्या होत्या. गल्ली इतकी अरुंद की चाळीस काय, दहा जणींचाही गोल झाला नसता. कुणी पायातले चाळ सोडत होती, कुणी पाणी पीत होती. आक्का त्यांचे फेटे गोळा करत होती. मी जाऊन उभा राहिलो.

एक तरुण बाई उठून उभी राहिली. "सर, लई छान बोललात. स्त्रियांबद्दल तर लईच." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"ही शकू," आक्का म्हणाली.

मी शकूला विचारलं, "सासूबाई गच्चीवर होत्या?"

"व्हत्या की. दुपारी तीनपासनं." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आता म्हणतील, चालायलाच शिकत हुतीस का दोन म्हैने?"

"आक्का," मी म्हणालो, "मैदानात चला. आत्ता करा. मी गच्चीवर जातो, मी बघतो."

"गच्ची रिकामी झाली, अरु. सगळ्या पालखीमागं गेल्या."

"मी आहे ना."

आक्कानं शेवटच्या फेट्याची घडी घातली. रागावली नव्हती. चुकीचं उत्तर काढलेल्या मुलाकडं बघावं तसं बघत होती. "तू बघावंस म्हणून नव्हतं रे ते."

रात्रभर तिच्याकडं होतो, पण तो विषय निघाला नाही. सकाळी तिनं बाजरीच्या चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शाल आणि नारळ मी तिच्या देवापुढं ठेवत होतो, तर म्हणाली, "घेऊन जा. तुझा सत्कार झालाय." मग जीपपर्यंत सोडायला आली आणि दार लावताना म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा मागणार आहे मी पाच मिनिटं."

"देतील?"

"शकूच्या सासूनं होय म्हटलं तर पथक राहील. पथक राहिलं तर मागीन."

नगरच्या स्टँडवरून मी आबांना फोन लावला. म्हटलं, पुढच्या वर्षी सत्कार मिरवणूक संपल्यावर ठेवा. आबा मनापासून हसले. "सर, मंग मिरवणूक संपस्तवर पाव्हणे बसतील का?" मी म्हणालो, माझ्यापुरतं सांगतो, मला बोलावूच नका, आणि माझी वेळ बाईंच्या नावावर लिहा. "तुमी लेखक लोक लई गमतीदार बोलता," आबा म्हणाले, आणि कालचे फोटो पाठवतो म्हणाले.

परतीच्या गाडीत झब्बा पिशवीतच होता, बोळा होऊन. खिडकीच्या गजाला रिकामा हँगर वाजत होता. निघायच्या आधी ज्या शेजारणीला मी पास फडकवून दाखवला होता, ती पुण्यात पोचल्यावर जिन्यातच भेटली, म्हणाली, "कशी झाली यात्रा?" मी म्हणालो, "ऊन फार होतं."

घरी बायकोनं माझ्या मोबाईलवर आबांनी पाठवलेला फोटो उघडला. मी माईक धरून, डोळे मिटून, हात उंचावलेला. अर्धा फेटा कानावर.

"अगंबाई, शाल बरी दिसतेय," ती म्हणाली. मग तिनं फोटो बोटांनी मोठा केला. "आणि खाली या एवढ्या बायका उन्हात कशाला उभ्या आहेत? ही पुढची आक्काच ना?"

"हो."

"कुणाची वाट बघतायत?"

"माझं संपायची," मी म्हणालो.