साडूभाऊ जीपमधून उतरले

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस इंदुरात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. विजय नगरच्या मॉलमध्ये ते लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. धापा टाकत जिन्याने वर येतात आणि उलट आम्हालाच विचारतात, ‘सब ठीक ना?’ चालत्या पंख्याखाली झोपत नाहीत. छत्रीबागेत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारं कुत्रं पडलेलं असतं. त्याला दात राहिलेले नाहीत, तरी साडू लांबून वळसा घालून घरी येतात. ‘दात नाहीत हे त्याला माहीत आहे का पण?’ असं त्यांचं म्हणणं.

फक्त कचऱ्याच्या बाबतीत ते कोणाच्या बापाला घाबरत नाहीत. आमच्या शहराला स्वच्छतेचं वेड लागलं, त्यात पहिले वेडे झाले ते साडू. परदेशीपुऱ्याच्या बाजारात एका धिप्पाड गृहस्थाने चहाचा कप रस्त्यात टाकला, तर हे तो उचलून त्याच्या मागे गेले. ‘भिया, तुमचं काही पडलं वाटतं.’ त्या गृहस्थाने तो निमूटपणे घेतला.

असा माणूस टांझानियाच्या जंगलात गेला तो मेहुणीबाईंमुळे. माझ्या बायकोच्या या थोरल्या बहिणीने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मोकळा सिंह बघायचाच म्हणून हट्ट धरला. आम्ही चौघे निघालो. लहानशा विमानाने आम्हाला मातीच्या धावपट्टीवर सोडलं आणि ते उडून गेलं. चारी बाजूंना नुसतं गवत. फोनला रेंज नाही, कुठे कुंपण नाही. उघड्या जीपमध्ये साडू डोळे मिटून, बायकोचा हात घट्ट धरून बसले. काही झालं तरी खाली उतरायचं नाही, असं ड्रायव्हरने बजावलं. साडूंना ते मनापासून पटलं.

दुपारी झाडाखाली सिंहीण दिसली. आमच्यात आणि तिच्यात जेमतेम एका रस्त्याच्या रुंदीइतकं अंतर असेल. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तेवढ्यात वारा आला आणि मेहुणीबाईंच्या मांडीवरचा शेवेचा रिकामा पुडा उडून गवतात पडला. साडूंनी डोळे उघडले ते नेमके तेव्हा. ‘अरे, कचरा पडला ना,’ म्हणाले आणि उतरले.

सिंहीण उभी राहिली. साडू वाकले, पुडा उचलला, झटकला, त्याची नीट घडी घातली. तिचे कान मागे गेले. ती एक पाऊल पुढे आली. हे पाठमोरे. घडी खिशात घालून ते सावकाश वर चढले आणि ड्रायव्हरने जीप अशी पळवली की बराच वेळ कोणी मागे पाहिलंच नाही.

तंबूत पोचल्यावर साडूंना कापरं भरलं. खाली भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. ‘खाली ध्यानातच नव्हतं हो. वर आलो, हिचा चेहरा बघितला, तब डर लगा.’

साडू आजही तितकेच भित्रे आहेत. बदलल्या त्या मेहुणीबाई. जन्मभर नवऱ्याच्या भित्रेपणाची त्यांनी भरपूर थट्टा केली. आता सकाळी साडू कोपऱ्यावर दूध आणायला निघाले की त्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि ते परत येईपर्यंत आत जात नाहीत. परवा मी त्यांना चेष्टेत विचारलं, आता तुम्हालाही भीती वाटायला लागली का?

रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, ‘पहले वाटतच नव्हती. हे आहेतच, असं धरून चालले होते मी.’