काठावरची साखर आणि दोन इवाय

डिचोलीत माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सासऱ्यांचं घर हरमलला. त्यातल्या दोन खोल्या ते पर्यटकांना भाड्यानं देत. एकमेकांना ते ‘इवाय’ म्हणत, म्हणजे व्याही, आणि पाहुणचारात कोणीच हार जात नसे.

एकदा बाबांच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. पांघरूण लागलं तरी ते कळवळायचे. डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड. बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, सगळं बंद. त्याच सुमारास सासऱ्यांच्या रक्तात चरबी वाढलेली निघाली. त्यांचं तूप आणि तळलेलं बंद झालं. साखर दोघांचीही मधुमेहाच्या काठावर होती.

“काठावर म्हणजे अजून पाण्यात पडलो नाही,” बाबा म्हणाले. सासऱ्यांना ते फारच पटलं.

नंतर बाबा हरमलला आले, तेव्हा सासऱ्यांनी ताटभर भाजलेले बांगडे पुढे ठेवले. “इवाय, तेलाचा थेंब नाही. निर्धास्त खा.” व्याह्यांच्या घरी नको कसं म्हणायचं? बाबांनी खाल्ले आणि लंगडत घरी गेले. त्याची परतफेड डिचोलीत झाली. सासऱ्यांच्या पानात तुपात तळलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पडल्या. “यात मासळीचा वाससुद्धा नाही,” बाबा म्हणाले. दोन्ही घरी जेवणावर गोड थंड पेयाच्या बाटल्या असायच्याच.

शेवटी मी दोघांना म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शुक्रवार होता, तिथल्या आठवड्याच्या बाजाराचा दिवस; त्या निमित्तानं मुकाट आले. बाईंनी दोघांच्याही सगळ्या तपासण्या करायला लावल्या. अहवाल आले, तर दोघांचंही युरिक ॲसिड वाढलेलं आणि चरबीही वाढलेली.

“रक्ताच्या बाटल्या बदलल्या असतील,” बाबा म्हणाले.

“नाही हो. साखर काठावर आली की हे दोन्ही पुष्कळदा जोडीनं वाढतात. पोट सुटतं, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग यकृत चरबी जास्त तयार करतं आणि युरिक ॲसिड लघवीवाटे कमी जातं. कोणामुळे कोण, ते नेमकं सांगता येत नाही. पण एक आलं की दुसरं आलंय का, ते बघावं.”

“म्हणजे व्याहीच,” सासरे गंभीरपणे म्हणाले.

बाईंनी गोड पेयाच्या बाटल्या बंद केल्या, वजन उतरवायला सांगितलं आणि रोज चालायला लावलं. सासरे समुद्रावर चालू लागले, बाबा नदीच्या कडेनं. संध्याकाळी फोनवर कोण किती चाललं याची चौकशी व्हायची, आणि दोघेही थोडं वाढवून सांगायचे.

पुढच्या तपासणीत दोघांचेही आकडे उतरले होते, सासऱ्यांचे जरा जास्त. स्टँडवर त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं. बाबा डिचोलीच्या बसमध्ये चढले आणि खिडकीतूनही त्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, “तुझ्या सासऱ्यांनी काय सांगितलं गं? हे उजाडायच्या आत चालायला गेलेत, अजून परत आले नाहीत.”